लोण्यात भिजलेला फाउल

थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे अमेरिकेतल्या आभार मानण्याच्या सणाचा गुरुवार, सकाळचे दहा. ओहायोतल्या बेकर्स क्रीक गावी अर्विन स्टाउफर यांच्या घरामागचं अंगण. गवतावर दव गोठलेलं, कुंपणाच्या कडेला मेपलच्या वाळक्या पानांचा कंबरभर ढीग. अंगणात माणसं पंधरा आणि कुत्रा एक. पंधरांपैकी चौदा जण खेळणार होते. पंधरावा डेल्बर्ट झिंक, या घरचा जावई. तो पंच होता.

पंच कसा झाला, तेही सांगायला हवं. टर्की ओव्हनमध्ये गेली की स्टाउफरांकडचे पुरुष, पोरं आणि स्वयंपाकघरात ज्यांना थारा मिळत नाही अशा बायका अंगणात उतरतात आणि फुटबॉल खेळतात, अमेरिकन, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा किंवा हाताने फेकायचा. नियम सोपे. धरून पाडायचं नाही. खांद्याचा धक्का चालेल, पण ज्याच्या हातात चेंडू आहे त्यालाच. चेंडू हातातून सुटल्यावर धक्का दिला तर फाउल. नियम इतके सोपे आहेत की ते दरवर्षी मोडतात, आणि मोडले की नाही यावरचा वाद जेवणाच्या टेबलापर्यंत येतो. डेल्बर्ट लग्न झाल्यापासून दरवर्षी खेळला आणि एकदाही त्याच्या हातात चेंडू टिकला नाही. (आला होता. एकदा तर तो चेंडू घेऊन पळालाही होता. उलट्या दिशेने.) तेव्हा त्याला पंच करावं यावर दोन्ही संघांचं एकमत झालं. अलीकडच्या काळात स्टाउफर घराण्याचं एकमत झालेला हा एकमेव विषय.

पण यंदा पंचाचं काम हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. यंदा ग्लेन येणार होता.

ग्लेन म्हणजे डेल्बर्टची बायको लॉर्ना, तिचा थोरला भाऊ. चार वर्षांपूर्वी याच अंगणात ग्लेनने चेंडू फेकला, आणि चेंडू हातातून सुटल्यानंतर (हे ग्लेनचं म्हणणं) त्याच्या सख्ख्या बापाने त्याला खांद्याने असा दणका दिला, की तो झुडपात जाऊन पडला आणि गळ्याजवळचं हाड मोडून बाहेर आला. बाप म्हणजे अर्विन स्टाउफर. त्याने तीस वर्षं गावच्या शाळेत पोरांना फुटबॉल शिकवला, म्हणून सगळं गाव, अगदी बायको-मुलांसकट, त्याला कोच म्हणतं. कोचचं म्हणणं, चेंडू तेव्हा ग्लेनच्या हातातच होता आणि धडक शंभर टक्के नियमात बसणारी होती. शिवाय खांदा वेळेवर वळवला असता तर हाड मोडलंच नसतं. हे शेवटचं वाक्य त्याने हॉस्पिटलमध्ये, मुलाच्या खाटेशी उभं राहून उच्चारलं. ग्लेनने चांगल्या हाताने कोट उचलला आणि तो निघून गेला. त्यानंतरचे सगळे थँक्सगिव्हिंग त्याने बायकोच्या माहेरी, इंडियानात काढले. बापलेकांचं बोलणं बंद.

आधी की नंतर, हा सगळा प्रश्न पापणी लवण्याइतक्या वेळाचा. यावर टीव्हीवर टाय बांधलेली माणसं दर रविवारी तासन् तास बोलतात, तेच चित्र पुढून, मागून, वरून दाखवतात, आणि बोलायला बसली तेव्हा जे मत होतं तेच घेऊन घरी जातात. त्यांना याचा पगार मिळतो. बेकर्स क्रीकमधली माणसं हेच काम फुकट करतात आणि त्यापायी घरं मोडून घेतात. याची लाज कोणालाच वाटत नाही, ना टायवाल्यांना ना गावाला.

लाज वाटत होती ती एकट्या ओपलला. ओपल म्हणजे कोचची बायको, डेल्बर्टची सासू. दर रविवारी ती ग्लेनला फोन करायची आणि दर रविवारी कोच तेवढा वेळ गॅरेजमध्ये जाऊन उभा राहायचा. यंदा तिने दोघांना बजावलं होतं की आता वय झालं, मला एकदा माझी सगळी माणसं एका टेबलाशी हवीत, सुरुवातीच्या प्रार्थनेपासून शेवटच्या पम्पकिन पायपर्यंत, म्हणजे भोपळ्याच्या गोड पदार्थापर्यंत. मध्ये कोणी उठायचं नाही. ग्लेनने हो म्हटलं. कोचने हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही, आणि कोचच्या बाबतीत हे फार झालं.

गाडीतून येताना लॉर्नाने नवऱ्याला चार शब्द सुनावले.

"हे बघ डेल, शिट्टी वाजव, हस आणि गप्प राहा. खिशात पिवळं फडकं ठेवायचं नाही. फडकं नसेल तर तू ते टाकणार नाहीस. तू टाकलं नाहीस तर फाउल नाही, आणि फाउल नसेल तर भांडण नाही. कळलं?"

डेल्बर्टला कळलं. तो ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात काउंटरवर असतो. सांगितलेलं ऐकणं हाच त्याचा धंदा आहे. पण त्याने या दिवसासाठी पंचांचा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट मुद्दाम विकत आणला होता, आणि सासरच्या न्हाणीघरातल्या आरशात त्याने स्वतःला त्या शर्टात पाहिलं तेव्हा त्याचं मन खट्टू झालं. शर्ट आहे, शिट्टी आहे आणि मागचा खिसा रिकामा. फाउल दिसला की पंच ज्या खिशातून पिवळं फडकं उपसून हवेत भिरकावतो, तो खिसा. त्याने ठरवलं, फडकं नुसतं ठेवायला काय हरकत आहे? टाकायचं थोडंच आहे. थोडंसं बाहेर लोंबतं ठेवू. शोभेला.

सगळा अनर्थ या शोभेने केला.

स्वयंपाकघरात त्या क्षणी कोणी नव्हतं. मोरीशेजारी एका वाडग्यात एक ओलं पिवळसर कापड पडलेलं होतं. भांडी पुसायचं फडकं असणार, असं डेल्बर्टच्या मनाने घेतलं. त्याने ते उचललं, पिळलं, घडी घातली आणि मागच्या खिशात खोचलं. हाताला जरा चिकट लागलं. साबण असेल. (त्या साबणाला लसणाचा वास येत होता, पण सासरच्या साबणाची चौकशी करणं त्याला प्रशस्त वाटलं नाही.)

ते मलमलीसारखं जाळीदार कापड होतं आणि ओपलने ते वितळलेल्या लोण्यात, लसणात आणि सेजच्या पाल्यात तासभर भिजत घातलेलं होतं. टर्कीची छाती ओव्हनमध्ये कोरडी पडू नये म्हणून असं कापड तिच्यावर अंथरतात. ओपलची आई अंथरायची, तिची आई अंथरायची. ओपल तेवढ्यात तळघरातून बटाटे आणायला गेली होती.

बाहेर थंडी होती. लोणी हळूहळू गोठलं आणि फडक्याला छान वजन आलं. खऱ्या पंचांच्या फडक्याला वजन मुद्दाम शिवलेलं असतं, म्हणजे ते लांब जातं. डेल्बर्टला ते वजन खिशात जाणवलं आणि तो जरा ताठ चालू लागला. घरचा म्हातारा कुत्रा, मेजर, एरवी जावयाकडे ढुंकूनही पाहत नसे. आज पहिल्या शिट्टीपासून तो डेल्बर्टच्या पाठोपाठ, नाक वर करून, अंगणभर फिरत होता. डेल्बर्टला वाटलं, हा शर्टाचा परिणाम.

खेळ सुरू झाला. एका बाजूला कोचचा संघ, दुसऱ्या बाजूला ग्लेनचा. कोचने गेल्या वर्षी दोन्ही गुडघे बदलून घेतले होते, त्यामुळे तो फक्त मागे उभा राहून चेंडू फेकत होता. बापलेक एकमेकांशी अजून एक शब्दही बोलले नव्हते. काही हवं असलं की तिसऱ्यामार्फत. ग्लेनची मुलगी टेसा आजोबांच्या संघात होती, म्हणून हे टपाल तिच्या गळ्यात पडलं होतं. त्या गृहस्थांना सांग की रेषेच्या मागे उभे राहा. आजोबांना सांग की रेषा मी आखलेली नाही.

डेल्बर्टने शब्द पाळला. एका मामाने भाचीला मफलरला धरून मागे ओढलं, ते त्याने पाहिलं आणि आकाशाकडे बघितलं. दोन चुलतभाऊ एकमेकांचे शर्ट धरून नाचल्यासारखे गोल फिरले, तेव्हा त्याने शिट्टी पुसली. दोन्ही बाजूंनी त्याचा उद्धार सुरू झाला. कोणी विचारलं, पंचांना चष्मा लागतो की काठी. कोणी म्हणालं, दुकानात गिऱ्हाइकाला फॅन बेल्ट मागितला की हा माणूस टायर देतो, तो फाउल काय देणार. डेल्बर्ट हसत राहिला. जेवणाला आता फार वेळ उरला नव्हता.

मग ते घडलं.

कोचने चेंडू घेतला, दोन पावलं मागे गेला आणि हात वर उचलला. त्याच्यापुढची फळी फुटली आणि मधून ग्लेन आला. खांदा खाली, डोकं वर, रेल्वेच्या इंजिनासारखा. कोचचा हात पुढे आला आणि त्याच क्षणी, किंवा त्याच्या किंचित आधी, किंवा किंचित नंतर, ग्लेनचा खांदा बापाच्या बरगडीत बसला. कोच हवेत गेला आणि पानांच्या ढिगात असा गडप झाला की बाहेर फक्त बुटांचे तळवे दिसत होते.

आणि डेल्बर्टच्या उजव्या हाताने, मालकाला न विचारता, मागच्या खिशातून फडकं उपसलं आणि भिरकावलं. काय सुंदर गेलं ते. पिवळं, जड, उन्हात चमकत. जन्मात पहिल्यांदा त्याने या अंगणात काहीतरी सरळ फेकलं होतं. ते जमिनीला टेकायच्या आत मेजरने हवेतच पकडलं आणि तो व्हरांड्याखालच्या अंधारात दिसेनासा झाला.

ढिगातून आधी एक हात वर आला, मग कोच. त्याच्या भुवईला एक पान चिकटलं होतं. लॉर्ना पायऱ्यांवरून धावत येत होती. टेसाचं तोंड उघडंच होतं. सगळ्यांना वाटलं, संपलं. गाड्यांच्या किल्ल्या शोधा.

"धडक नियमात होती," कोच म्हणाला. "फाउल नाही. कोणी काही बोलायचं नाही."

"फाउल होता," ग्लेन म्हणाला. "चेंडू सुटला होता. मी उशिरा आलो. सरळसरळ फाउल आहे, माझ्यावर दंड लावा."

फुटबॉलवर भांडणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. ज्याने मार खाल्ला तो म्हणतो मला नियमाने मारलं, आणि ज्याने मारलं तो म्हणतो मला शिक्षा करा. देशातल्या कुठल्याही मैदानावर असा वाद कधी झाला असेल असं वाटत नाही. पण दोघांचं डोकं ठिकाणावर होतं. आजची धडक चार वर्षांपूर्वीच्या धडकेची हुबेहूब नक्कल होती. आज फाउल नसेल तर तेव्हाही नव्हता, म्हणजे कोच बरोबर. आज फाउल असेल तर तेव्हाही होता, म्हणजे ग्लेन बरोबर. एकाला आपल्या बरगड्यांची पर्वा नव्हती, दुसऱ्याला आपल्या अब्रूची. दोघांना फक्त जुना खटला जिंकायचा होता.

दोघंही एकदम पंचाकडे वळले.

ग्लेनने सांगितलं की फडकं पडलंय, आपण स्वतः पाहिलं. कोचने विचारलं, कुठे पडलंय, दाखवा. गवतावर फडकं नव्हतं. चौदाही माणसं वाकून शोधायला लागली. निम्म्या लोकांनी फडकं पाहिलं होतं, निम्म्यांनी नव्हतं, आणि ज्याने त्याने काय पाहिलं ते तो कोणाच्या संघात आहे यावर ठरत होतं. शेवटी लॉर्ना हाताची घडी घालून नवऱ्यासमोर उभी राहिली.

"डेल, तू फडकं टाकलंस?"

हो म्हणावं तर बायकोचा मार. नाही म्हणावं तर सत्याचा खून.

"टाकलं," डेल्बर्ट म्हणाला. "कुत्र्याने नेलं."

"कुत्रा फडकं कशाला नेईल?"

"तेच मला कळत नाहीये," डेल्बर्टने अगदी मनापासून सांगितलं आणि तळहात शर्टाला पुसला. पांढऱ्या पट्ट्यावर तेलकट डाग उमटला. त्याच वेळी स्वयंपाकघराची खिडकी वर सरकली आणि ओपलचं डोकं बाहेर आलं. तिने सगळ्यांना शांतपणे विचारलं की वाडग्यातलं लोण्याचं कापड कोणी नेलं, कारण त्याच्यावाचून टर्की अर्धा तास तशीच भाजत पडली आहे.

उत्तराची गरज नव्हती. वारा डेल्बर्टकडून येत होता आणि त्याला लसणाचा वास होता.

यावर तरी वाद मिटावा की नाही? नाही मिटला. कोचने नवा मुद्दा काढला की लोण्यात भिजवलेलं कापड हे स्वयंपाकाचं साहित्य आहे, पंचाचं साधन नव्हे, सबब फडकं पडलेलंच नाही. ग्लेनने उत्तर दिलं की कापड कशात भिजलंय हे नियमात कुठेही म्हटलेलं नाही. चुलतभावांनी उड्या घेतल्या. मफलरवाली भाची आपलं जुनं गाऱ्हाणं घेऊन आली. आवाज चढत गेले, आणि डेल्बर्टला दिसलं की ग्लेनच्या जबड्याची शीर उडते आहे. चार वर्षांपूर्वी कोट उचलण्याआधी अशीच उडाली होती.

पण ग्लेनने कोट उचलला नाही. तो बापाच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला.

"बाबा," तो म्हणाला. या घरात ही हाक कोणी मारत नसे. "मी तुम्हाला उशिरा मारलं. चूक माझी आहे. तुम्हाला लागलं असेल, तर मला वाईट वाटतं. आता तुम्ही फक्त हो म्हणा."

कोचने भुवईवरचं पान काढलं. ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"खांदा खाली होता तुझा," तो म्हणाला. "डोकं वर. तीस वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडलो, एकाला जमलं नाही. तुलाही कधी जमलं नव्हतं."

"फाउल, बाबा."

"पाऊलभर उशीर झाला," कोच म्हणाला.

"कोणाला?"

"आज तुला." म्हाताऱ्याने हातातलं पान खाली टाकलं. "तेव्हा मला. दोन पावलं असतील. हॉस्पिटलात जे बोललो ते तर पार रेषेबाहेरचं होतं."

ग्लेनने बापाच्या पाठीवरची पानं झटकायला सुरुवात केली. गरजेपेक्षा बराच वेळ झटकली. टेसा मध्येच शिंकल्यासारखं करून घरात गेली. डेल्बर्टने शिट्टी तोंडात धरली, पण फुंकली नाही.

टेबलाशी सगळे बसले. टर्कीची छाती लाकडाच्या भुशासारखी झाली होती. ओपलने पहिला घास घेतला, बराच वेळ चावला, मग समोर पाहिलं. समोर कोच ग्लेनला म्हणत होता, ग्रेव्ही इकडे दे, आणि ग्लेन ती देत होता, मध्ये कोणीही टपालवाला नसताना. ओपल म्हणाली की इतकी चांगली टर्की आपल्या हातून आजवर झाली नाही. हे ती प्रामाणिकपणे म्हणाली.

मग नेहमीप्रमाणे प्रत्येकाने एकेक आभार मानायचे होते. कोचची पाळी आली तेव्हा त्याने काटा खाली ठेवला.

"मी जावईबापूंचे आभार मानतो," तो म्हणाला. "सासूच्या स्वयंपाकघरात चोरी केली, बायकोचा शब्द मोडला, सणाची टर्की वाळवली. साठ वर्षं फुटबॉल बघतोय, इतका वाईट पंच पाहिला नाही."

"मीसुद्धा नाही," ग्लेन म्हणाला.

"शाळेच्या पोरांतसुद्धा नाही."

"त्या टीव्हीवाल्यांतसुद्धा नाही."

बापलेकांचं किती दिवसांनी एका गोष्टीवर जमलं होतं, आणि जमलं म्हणून ते सोडवेना. दोघांनी मिळून डेल्बर्टचा सकाळपासूनचा एकेक निर्णय काढला आणि त्याची साल सोलली. हसता हसता ओपलच्या डोळ्यांत पाणी आलं. डेल्बर्ट मान खाली घालून ऐकत होता, आणि आयुष्यात कोणी कौतुक केलं नसेल इतकं त्याला बरं वाटत होतं. चालू दे, तो मनात म्हणत होता, पम्पकिन पाय येईपर्यंत चालू दे. टेबलाखाली लॉर्नाने त्याचा हात धरून दाबला. (मग आपला हात रुमालाने पुसला.) त्याची पाळी आली तेव्हा त्याला खूप काही बोलायचं होतं. त्याने ग्रेव्हीचे आभार मानले.

पम्पकिन पाय आला, संपला. कोणी मध्ये उठलं नाही. कॉफी झाली. मेजरने ते कापड चाटूनपुसून धुतल्यासारखं स्वच्छ करून व्हरांड्यात आणून टाकलं. टीव्हीवर मोठा सामना लागला, आणि बापलेक एका सोफ्यावर बसून तिथल्या पंचांना नावं ठेवू लागले. तेवढ्यात टेसाने, उगाच आपलं सहज, विचारलं:

"आजोबा, तुम्ही तो चेंडू फेकलात ना, तो कोणी पकडला?"

कोचने ग्लेनकडे पाहिलं. ग्लेनने चुलतभावांकडे. चौदाही माणसांनी धडक पाहिली होती. चेंडू कोणीच पाहिला नव्हता. मग सगळ्यांनी सावकाश माना वळवल्या आणि पट्ट्यांच्या शर्टाकडे पाहिलं. त्या एका माणसाला तिथे उभं केलं होतं ते चेंडूवर नजर ठेवायला, आणि त्याने सांगितलं की त्या वेळी तो आपलं फडकं किती छान चाललंय ते पाहत होता.

पानांचा ढीग दोनदा उपसला. छताची पन्हळ, हायड्रेंजियाची झुडपं, व्हरांड्याखालची पोकळी, शेजाऱ्यांचं अंगण, सगळं शनिवारी डेल्बर्टने स्वतः शिडी लावून आणि रांगून पाहिलं. आता दर रविवारी कोच ग्लेनला स्वतः फोन करतो, मग दोघं मिळून डेल्बर्टला फोन करतात आणि एकच प्रश्न विचारतात. चेंडू अजून सापडलेला नाही.